बंदी, कैदी की बंदिवान?

एका चित्राची ओळख लिहितोय आणि मथळ्यावरच गाडी अडलीय. चित्र फ्रेंच चित्रकार पॉल देलारोशचं, १८३७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेलं. प्रसंग मे १६४१ चा, लंडनच्या टॉवरमधला. इंग्लंडचा राजा चार्ल्स याचा सल्लागार अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड, त्याला शिरच्छेदासाठी नेताहेत. काळ्या पोशाखातला तो वाटेत गुडघे टेकून मान झुकवतो आणि वरच्या खिडकीच्या गजांतून दोन हात बाहेर येतात. हात कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, विल्यम लॉड यांचे, तेही तिथेच डांबलेले. चेहरा दिसतच नाही. मी मथळा दिला, ‘बंदी आर्चबिशपांचा आशीर्वाद’. बायकोनं विचारलं, “बंदी कशावर, आशीर्वादावर?”

—

वहिनींचं बरोबर आहे. दारूबंदी, नाकाबंदी, प्लास्टिकबंदी ऐकून ऐकून ‘बंदी’ म्हणजे मनाई हाच अर्थ आधी डोक्यात येतो. ‘राजबंदी’सारख्या समासात माणूस अजून शिल्लक आहे, सुटा वापरला की घोटाळा.

‘कैदी’ मात्र नको. कैदी म्हटलं की शिक्षा झालेला, अंगावर नंबर असलेला माणूस दिसतो. लॉड तेव्हा नुसते अटकेत होते, खटला उभा राहिला थेट १६४४ मध्ये. ‘बंदिवान’ लिहा.

—

‘राजबंदी’ का नको? आरोप राजद्रोहाचाच होता ना?

—

होता, पण गंमत बघा. राजा चार्ल्स त्यांच्याच बाजूचा, आत टाकलं पार्लमेंटनं. चर्चमधले विधी आपल्या पद्धतीनं बसवण्याचा लॉड यांचा हट्ट प्युरिटनांना, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांना, सलत होता. १६३७ मध्ये स्कॉटलंडवर नवं प्रार्थनापुस्तक लादलं तेव्हा एडिंबरात दंगाच झाला. राजाच्या मर्जीतला माणूस राजद्रोही! म्हणून मला तो शब्द इथे खटकतो. १० जानेवारी १६४५ ला त्यांचंही डोकं उडवलं, तेव्हा वय ७१.

—

थोडं अवांतर. कोणी ‘तुरुंगातला पाद्री’ सुचवण्याआधी सांगतो, हे दोन्ही शब्द पोर्तुगीज. ‘त्रोंकु’चा तुरुंग, ‘पाद्रे’चा पाद्री. शिवाय आर्चबिशपांना पाद्री म्हणणं म्हणजे कलेक्टरला तलाठी म्हणण्यासारखं. वसईकडचे ख्रिस्ती लोक तर साध्या धर्मगुरूंनाही ‘फादर’ म्हणतात, ‘पाद्री’ त्यांना उपरा वाटतो.

आणि टॉवरचं भाषांतर ‘मनोरा’ करू नका. तो तटबुरुजांचा अख्खा किल्ला आहे.

—

मग ‘वरदहस्त’ कसा वाटतो? चित्रात हातच तर आहेत.

—

शब्द मूळचा अगदी चपखल. पण आता वरदहस्त आमदाराचा असतो, वाळूमाफियाच्या डोक्यावर. आणि इथे ज्याच्यावर हात धरला त्याचं डोकं थोड्याच वेळात उडणार आहे. लॉड स्वतः तर आशीर्वाद देऊन तिथेच बेशुद्ध पडले म्हणतात.

—

‘गजांआडून आशीर्वाद’?

—

‘सराईत चोरटा गजांआड’ रोज वाचतो हो आपण.

—

ठीक. ‘बंदिवानाचे हात’ लिहिलं. आर्चबिशप खाली ओळीत येतील. नाहीतरी देलारोशनं चित्राला नाव स्ट्रॅफर्डचंच दिलंय, यांचं नाही. बायकोला दाखवलं, काही बोलली नाही, म्हणजे पास.