प्लास्टर निघालं, पण हाड पूर्ण जुळलं हे कसं ओळखायचं?

प्रश्न: आईचं मनगट मोडलं होतं, काल प्लास्टर काढलं. हात बारीक झालाय, कातडीचे पापुद्रे निघताहेत, मूठ वळताना ती कळवळते. एक्स-रेमध्ये रेघ अजून अंधुक दिसते. जीव टांगणीला लागलाय.

उत्तर: ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखतंय नेमकं कुठे ते बघा. मोडलेल्या जागीच बोटाने दाबल्यावर दुखत असेल, तर डॉक्टरांना सांगा. मूठ वळताना ओढ बसते ती बहुतेक वेळा सांधा आखडल्याची, व्यायामाने सुटते. रेघेची धास्ती नको. नवं हाड आधी मऊ असतं, कॅल्शियम भरल्यावरच एक्स-रेवर उमटतं. मनगट साधारण 6 ते 8 आठवड्यांत जुळतं, पण आतली घडण पुढे कित्येक महिने चालूच राहते. डॉक्टर सांगेपर्यंत भरलेली बादली उचलू देऊ नका.

दुसरं उत्तर: आईंना मधुमेह आहे का? असला तर हाड जुळायला वेळ लागतो.

प्रश्नकर्ती: नाही, मधुमेह नाही. दाबून पाहिलं, हाडावर दुखत नाही. ओढ अंगठ्याच्या बाजूला बसते.

उत्तर: मग तळहात टेबलावर पालथा ठेवून अंगठा वर उचलायला सांगा. या फ्रॅक्चरनंतर क्वचित अंगठ्याचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, नंतर तुटतं. उचलता आला नाही, तर लगेच दाखवा.