जिनिंगमधील अपघात : विमा कंपनीच्या 'पूर्ण व अंतिम' पावतीवर सही करावी का?

दुधनाकाठ :
माझे धाकटे बंधू सेलू तालुक्यातील एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) मुकादमामार्फत कामाला होते. डिसेंबर २०२४ मध्ये रेच्यात, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्रात, अडकलेला कापूस काढताना त्यांच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची तीन बोटे तुटली. त्या वेळी त्यांना ३५ वर्षे पूर्ण झाली होती आणि महिन्याला १२,००० रुपये रोख मिळत असत. सुरुवातीचा दवाखान्याचा खर्च मालकांनी केला, पुढचे औषधपाणी आम्ही केले. आता मालक म्हणतात की कामगार मुकादमाचा आहे, तुम्ही विमा कंपनीशीच बोला. आणि कंपनीचा माणूस दीड लाख रुपयांची 'पूर्ण व अंतिम' पावती (म्हणजे यापुढे काही मागणे उरले नाही असे लिहून देणारी) घेऊन घरी येतो व सही केली नाही तर फाईल बंद होईल असे सांगतो. घरात कमावते तेच आहेत, त्यामुळे आईचा आग्रह सही करण्याचा आहे. कृपया योग्य मार्ग सांगावा.

वकील, परभणी :
सही करू नका. आईंची घाई समजण्यासारखी आहे, परंतु कायद्याने ठरणारी रक्कम दीड लाखांच्या जवळपासही नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असली, तरी अपघात त्याआधीचा असल्यामुळे तुमच्या बंधूंना १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होतो. त्याच्या पहिल्या अनुसूचीत एका हाताची तीन बोटे गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरले आहे. कायद्यातील सूत्रानुसार १२,००० रुपयांचे ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला ३५ व्या वर्षासाठीच्या १९७.०६ या गुणकाने गुणून येणाऱ्या रकमेचे ३० टक्के काढले, की सुमारे ४ लाख २५ हजार ६५० रुपये होतात. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च याशिवाय मिळतो, आणि रक्कम महिनाभरात दिली नसल्यास त्यावर वर्षाला १२ टक्के सरळ व्याजही. हातानेच करायचे काम आता मुळीच जमत नसेल, तर ३० टक्क्यांपेक्षा अधिक नुकसानीची मागणी करता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये हात गमावलेल्या एका सुताराला पूर्ण अपंगत्वाची भरपाई मान्य केली होती. मात्र अशी मागणी डॉक्टरांच्या साक्षीवरच टिकते.

मुकादमाचे कारण पुढे करून मालकांना सुटता येत नाही. कलम १२ नुसार कामगार थेट मूळ मालकाकडून भरपाई मागू शकतो. मालकांनी ती नंतर मुकादमाकडून वसूल करावी. दाव्यात मालक, मुकादम आणि विमा कंपनी या तिघांनाही सामील करा. कंपनीची जबाबदारी मालकांच्या पॉलिसीतून येते, त्यामुळे तिच्या माणसाने फाईल बंद केली म्हणून तुमच्या बंधूंचा हक्क संपत नाही. एकरकमी तडजोड झालीच, तर तिची नोंद या कायद्याखालचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांकडे व्हावी लागते आणि रक्कम अपुरी वाटल्यास ते नोंद नाकारू शकतात. घरी घेतलेल्या सहीमागे हीच पायरी टाळण्याचा हेतू असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिनिंगचा हिशेबनीस, जालना :
वरील उत्तराला कागदपत्रांची जोड देतो, कारण रोख मजुरीच्या प्रकरणात सगळा वाद तेथेच होतो. हा माणूस आमच्याकडे नव्हताच, किंवा त्याची मजुरी कमी होती, असे म्हटले जाण्याची शक्यता मोठी असते. दवाखान्यातील पोलीस नोंदीचा कागद म्हणजे एमएलसी आधी मिळवा. जखम कोठे व कशी झाली हे त्यात त्याच दिवशी लिहिलेले असते आणि नंतर ते बदलणे अवघड जाते. रेच्यावर शेजारी उभ्या असणाऱ्या कामगारांची नावे आजच लिहून ठेवा, कारण हंगाम संपला की ही माणसे पांगतात. मालकांनी दवाखान्यात भरलेल्या पैशांची पावती त्यांच्या नावावर असेल तर ती फार मोलाची आहे. अनोळखी माणसाचे बिल कोणी भरत नाही. मुकादमाने मोबाईलवरून उचल पाठवली असेल तर तीही नोंद काढा.

दुधनाकाठ :
दोघांचाही आभारी आहे. मालकांचे मुनीम म्हणतात की हे प्रकरण ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) आहे, त्यामुळे न्यायालयात जाता येणार नाही. शिवाय वकिलांच्या फीचीही चिंता आहे.

वकील, परभणी :
विमा काढलेला कामगार ईएसआय कायद्याखाली येत असेल तर हा दावा करता येत नाही, एवढे खरे आहे. परंतु केवळ सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे काम करणारे जिनिंग-प्रेसिंग कारखाने त्या कायद्यात हंगामी कारखाने ठरतात आणि हंगामी कारखान्यांना तो कायदा लागू होत नव्हता. त्याच आवारात तेलगिरणीही चालत असेल तर मात्र उत्तर बदलू शकते, म्हणून ते पाहून घ्या. बंधूंच्या नावे ईएसआयचा विमा क्रमांक आहे का, हे मुनिमांना लेखी विचारा.

फीसाठी थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. आधार कार्ड आणि एमएलसीची प्रत घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातील त्यांच्या कार्यालयात अर्ज द्या. दावा अपघाताच्या किंवा तुमच्या राहत्या ठिकाणच्या आयुक्तांपुढे चालतो. मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे, म्हणजे तुमच्यासाठी डिसेंबर २०२६. त्याआधी मालकांना रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा आणि विमा कंपनीच्या माणसाला यापुढे जे सांगायचे ते लेखी द्यायला सांगा.