मदत हवी आहे: गाडीतून उतरल्यावरही अॅप ‘गाडीत’च समजतंय, कॉन्टेक्स्ट डेटा कसा सांभाळावा?

धागाकर्ता: अर्धविराम

अँड्रॉइड अॅप आहे. वापरणारा चालतोय, गाडीत आहे की बसलाय, ठरावीक जागी आहे का, हेडफोन लावलेत का, यावरून पहिल्या स्क्रीनवरचं कार्ड बदलतं. गाडीत असेल तर मजकूर वाचून दाखवायचा, बसला असेल तर पूर्ण यादी.

सध्या हा सगळा कॉन्टेक्स्ट (वापरणाऱ्याची आत्ताची स्थिती) एकाच जेसन ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे नाव-मूल्यांच्या एका गठ्ठ्यात आहे आणि तो शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये (अँड्रॉइडची छोट्या सेटिंग्ज साठवायची सोय) साठवतो. दर ३० सेकंदांनी तो नव्याने लिहिला जातो आणि जसाच्या तसा सर्व्हरला जातो. कार्ड सर्व्हर ठरवतो. हालचाल ओळखायला अॅक्टिव्हिटी रेकग्निशन या गूगलच्या सेवेची साधी, ठरावीक वेळाने येणारी अपडेट्स घेतो.

गाडीतून उतरून दहा मिनिटं झाली तरी गाडीचंच कार्ड दिसतं. सिग्नलला गाडी थांबली की कार्ड उड्या मारतं. जिओफेन्समध्ये (ठरावीक जागेभोवती आखलेलं अदृश्य कुंपण) शिरल्याचा निरोप कधी लगेच येतो, कधी पाच मिनिटांनी, आणि फोन रीस्टार्ट केल्यावर येतच नाही. बॅटरी खाते ते वेगळंच. जाणकारांनी सांगावं, सुरुवात कुठून करू?

उंबरठा

दुखणं त्या एका ऑब्जेक्टमध्येच आहे. हेडफोन काढले म्हणून ऑब्जेक्ट नव्याने लिहिला, की आतल्या दहा मिनिटं जुन्या ‘गाडीत’वरही आत्ताच्या वेळेचा शिक्का बसतो. वाचणाऱ्या कोडला सगळंच ताजं दिसतं.

प्रत्येक संकेताची वेगळी ओळ करा: नाव, मूल्य, खात्री, मोजल्याची वेळ, मुदत. मोजल्याची वेळ म्हणजे रीडिंग घेतलं ती. तुमच्या कोडला मिळालं ती नव्हे, आणि लिहिलं ती तर नाहीच. ‘शेवटचं माहीत असलेलं लोकेशन’ मागितलं तर ते तासाभरापूर्वीचंही असू शकतं.

भिंतीवरच्या घड्याळाची वेळ इथे चालत नाही, ती वापरणारा किंवा नेटवर्क मागेपुढे करतं. फोन सुरू झाल्यापासूनची वेळ, म्हणजे इलॅप्स्ड रिअलटाइम घ्या. लोकेशन आणि अॅक्टिव्हिटी, दोन्हींच्या निकालात ती मिळते. फक्त रीस्टार्ट झाल्यावर ती शून्यापासून सुरू होते, म्हणून शेजारी बूट काउंट (फोन किती वेळा सुरू झाला तो आकडा) ठेवा. तो जुळला नाही तर नोंद रद्द.

मुदत वाचताना तपासा. टायमर लावून नोंदी पुसत बसू नका, डोझमध्ये (बॅटरी वाचवायला अँड्रॉइड फोनला झोपवतो तेव्हा) टायमरच झोपतो. मुदत संपली की मूल्य ‘माहीत नाही’, आणि त्या अवस्थेसाठी स्वतंत्र कार्ड हवं. ‘माहीत नाही’ला ‘बसलाय’ धरलं तर चालत्या गाडीत लांबलचक यादी उघडेल. सुरुवातीला हालचालीला ३ मिनिटं, चालत्या माणसाच्या लोकेशनला २ मिनिटं लावून बघा. हेडफोन साठवूच नका, कार्ड काढताना अँड्रॉइडच्या ऑडिओ मॅनेजरला विचारा.

साठवण: शेअर्ड प्रेफरन्सेस दर वेळी पूर्ण एक्सएमएल फाइल नव्याने लिहितं. ३० सेकंदांच्या हिशोबाने दिवसाला २,८८० वेळा. चालू अवस्था मेमरीत स्टेटफ्लोमध्ये (बदल झाला की कळवणारं कोटलिनचं व्हेरिएबल) ठेवा आणि मूल्य बदललं तरच रूममध्ये (अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी) लिहा.

पाचर

उंबरठा यांच्याशी सहमत, एक मुद्दा सोडून. हालचालीची ३ मिनिटांची मुदत साध्या अपडेट्सपुरती ठीक. ट्रान्झिशन एपीआयला, म्हणजे अॅक्टिव्हिटी रेकग्निशनच्या फक्त बदल कळवणाऱ्या भागाला, ती लावू नका (आणि तुम्ही तिकडेच जायला हवं, बॅटरीसाठी तरी). तिथे निरोप बदल झाला तरच येतो. दोन तास गाडीत असलेला माणूस तिसऱ्या मिनिटाला ‘माहीत नाही’ होईल. तिथे ‘शिरला’ पासून ‘निघाला’ पर्यंत अवस्था धरून ठेवायची, आणि ‘निघाला’ हुकलाच तर सोडवायला ३-४ तासांची ढोबळ मुदत.

साधी अपडेट्सच ठेवणार असाल तर आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा आकडा वेगळा ठेवा. खात्री १०० पैकी ७५ च्या वर गेली की ‘गाडीत’. त्यातून बाहेर काढायला ‘चालतोय’ सलग दोनदा यायला हवं. नुसतं ‘स्थिर’ आलं तर ९० सेकंद काही करू नका, सिग्नलवर नेमकं तेच येतं.

आता जिओफेन्स. अँड्रॉइड ८ पासून पार्श्वभूमीत लोकेशन तासाला मोजक्याच वेळा मिळतं, त्यामुळे निरोपाला दोन-तीन मिनिटं लागणं हा बग नाही. फोन बराच वेळ एका जागी असेल तर आणखी उशीर होतो. त्रिज्या १०० ते १५० मीटरच्या खाली नेऊ नका. नुसतं शिरल्यावर नव्हे, तिथे थोडा वेळ थांबल्यावर निरोप मागा, म्हणजे शेजारून जाणारी गाडी कार्ड बदलणार नाही. एका अॅपला १०० कुंपणांची (जिओफेन्सची) मर्यादा आहे. आयओएसवर जाणार असाल तर तिथे २०.

रीस्टार्टनंतर कुंपणं पुसली जातात, बूट पूर्ण झाल्याचा ब्रॉडकास्ट (सिस्टिम सगळ्या अॅप्सना देते तो निरोप) पकडून पुन्हा नोंदवा. अँड्रॉइड १२ पासून पेंडिंग इंटेंट (कुंपणाचा निरोप ज्यातून अॅपला मिळतो ते पाकीट) म्युटेबल, म्हणजे सिस्टिमला भरता येईल असा ठेवा. इम्युटेबल असला तर ब्रॉडकास्ट येतो पण आत घटनाच नसते, आणि लॉगमध्येही काही कळत नाही. वापरणाऱ्याने अंदाजे लोकेशनचीच परवानगी दिली असेल तर कुंपणांचा नाद सोडा.

अर्धविराम

धन्यवाद दोघांना. ओळी वेगळ्या करतो, ट्रान्झिशन एपीआयही घेतो. पण निर्णय सर्व्हरचा असल्याने उत्तर येईपर्यंत माणूस गाडीतून उतरलेला असतो. त्याचं काय?

उंबरठा

अवस्था बदलली की एक अनुक्रमांक वाढवा आणि विनंतीसोबत पाठवा, सर्व्हरने तो उत्तरात परत द्यायचा. आत्ताच्या क्रमांकाशी जुळला नाही तर उत्तर टाकून द्या. खरं तर निवडही फोनवरच आणा: सर्व्हरने प्रत्येक अवस्थेसाठी आठ-दहा कार्डं आणि नियम आधीच पाठवायचे, फोनने त्यातलं एक उचलायचं. मग सर्व्हरला अक्षांश-रेखांश लागतच नाहीत, ‘गाडीत’ किंवा ‘ठरावीक जागी’ एवढं लेबल पुरतं, तेही अवस्था बदलली तरच. कच्ची रीडिंग्ज फोनवरच ठेवा, २४ तासांनी पुसा, आणि सेटिंग्जमध्ये ‘सगळं विसरा’चं बटण द्या. ते दाबल्यावर रूममधल्या ओळींसोबत मेमरीतली अवस्थाही रिकामी करा, नाहीतर पुढच्या बदलाला जुनं मूल्य परत लिहिलं जातं.

पाचर

तपासताना फोन चार्जिंगला लावून टेबलावर ठेवू नका, चार्जिंगवर डोझ लागत नाही. एडीबीवरून (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) ‘डिव्हाइस आयडल’ची आज्ञा देऊन फोनला जबरदस्तीने डोझमध्ये झोपवा, पंधरा मिनिटांनी उठवा आणि पहिलं कार्ड कुठलं येतं ते बघा. ‘माहीत नाही’चं यायला हवं. ट्रान्झिशनने धरून ठेवलेली अवस्था असेल तर तीच.