मळा तारण ठेवून मास्टर्स, की आधी सोडतीचा व्हिसा?

तापीकाठचा

पदवी हातात आली की बापाने केळीचा मळा तारण ठेवायचा आणि पोराने वर्षभराच्या मास्टर्ससाठी इंग्लंडला निघायचं. रावेर-यावलपासून शिरपूरपर्यंत हा रस्ता आता पक्का होत चाललाय. माझं म्हणणं, हा शेवटचा पर्याय असावा. कॉलेजची फी लागत नाही ते व्हिसे आधी भरावेत.

ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स स्कीम घ्या. सोडतीने मिळणारा, दोन वर्षं तिथे राहून काम करायचा व्हिसा. २०२३ पासून भारतीयांना वर्षाला ३,००० जागा. वय १८ ते ३०, पदवी हवी, हातात नोकरी असण्याची अट नाही. सोडतीत नाव टाकायला एक पैसा लागत नाही. नाव निघालं तर खात्यात २,५३० पौंड २८ दिवस दाखवायचे, व्हिसाची फी तीनशेच्या वर, आणि आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ प्रमाणे दोन वर्षांचा १,५५२ पौंड. पाच-सव्वापाच लाखांत गणित बसतं, तिकीट वेगळं. त्यातही खात्यात दाखवलेली रक्कम आपलीच. मास्टर्सला राहण्या-खाण्यासकट पंचवीस-तीस लाख सहज जातात.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘मेट्स’ नावाची योजना सुरू केली. तिथेही वर्षाला ३,००० जागा, दोन वर्षं काम, सोडतीची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. आपल्याकडे कॉलेजांत ‘परदेशात शिक्षण’ म्हणून मेळावे होतात, त्यात या दोन्हींचं नाव कोणी घेत नाही. घेणार कसं? कमिशन विद्यापीठाच्या फीवर मिळतं.

भुसावळ जंक्शन

काय भो, सोडतीवर पोराचं करिअर लावायला सांगतोस? ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी वर्किंग हॉलिडे, म्हणजे फिरता फिरता काम करायचा, व्हिसा उघडला. जागा १,०००. पंधरवड्यात चाळीस हजारांच्या आसपास अर्ज पडले. याला पर्याय म्हणायचं?

आणि ‘मेट्स’ची मुख्य अट तू खाऊन टाकलीस. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेल्या संस्थेची पदवी लागते, आणि तीही ठरावीक विषयांतली: अक्षय ऊर्जा, खाणकाम, अभियांत्रिकी, आयटी, एआय, फिनटेक, कृषी तंत्रज्ञान. फैजपूर, अमळनेर, शहादा इथल्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या पोरांपैकी किती जण त्यात बसतील?

समज, ब्रिटनची सोडत लागली. लंडनला उतरल्यावर जळगावच्या पदवीवर पहिल्या मुलाखतीला कोण बोलावणार? मास्टर्स केलेल्याकडे तिथली पदवी असते, प्राध्यापकाची शिफारस असते, प्रोजेक्ट असतो. पंचवीस लाख त्याचेच असतात.

तापीकाठचा

शंभरची अट खरी आहे, ती मी लिहायला हवी होती. पण सोडतीला पैसे लागत नाहीत हे तर मान. फुकट तिकिटाचा नंबर लागला नाही म्हणून कुणाचा मळा जात नाही.

मास्टर्सनंतरचं सांगतो. ग्रॅज्युएट व्हिसावर ब्रिटनमध्ये आतापर्यंत दोन वर्षं थांबता येत होतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष. त्यानंतर थांबायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा, आणि जुलै २०२५ पासून त्यासाठी सर्वसाधारणपणे वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगार लागतो. नवख्यांना सवलत आहे, तरी ३३,४०० पौंड लागतातच. कर्जाचा हप्ता कुठल्या भरवशावर बांधायचा? कर्ज देताना बँक हे सांगत नाही, कन्सल्टंट तर नाहीच नाही.

अमेरिकेचं तर बोलूच नका. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. आपल्या पोरासाठी एवढे पैसे कोणती कंपनी मोजणार?

यावलची ताई

दोघा दादांच्या हिशेबात मुली कुठेच नाहीत, म्हणून लिहिते.

माझ्या मैत्रिणीच्या घरी मास्टर्सला होकार मिळाला. का? विद्यापीठाचं पत्र होतं, होस्टेल होतं, कोर्स कधी संपणार ती तारीख होती. तीच मुलगी ‘सोडत लागली, दोन वर्षांचा व्हिसा आहे, नोकरी तिथे जाऊन शोधेन’ म्हणाली असती, तर काकांनी त्याच आठवड्यात स्थळं बघायला घेतली असती. मुलीसाठी कॉलेजची फी ही घराबाहेर पडण्याच्या परवानगीची फी असते. महाग आहे, मान्य. पण तुमचा स्वस्त पर्याय आमच्यापैकी बऱ्याच जणींना मिळतच नाही.

आणि मळा तारण ठेवतात तेव्हा सही आईचीही घेतात. तिला कुणी विचारतं का, हा वेगळा धागा होईल.

धुळे ते डॉर्टमुंड

इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या भांडणात जर्मनी राहून गेली. इथे १ जून २०२४ पासून ‘चान्सनकार्ट’ आहे. सोडत नाही, गुण मोजतात. वर्षभर इथे राहून नोकरी शोधायची, तोवर आठवड्याला २० तास काम करता येतं. तुमचं विद्यापीठ आणि तुमची पदवी ‘अनाबिन’ या जर्मन नोंदीत पूर्ण मान्य असेल तर गुणांची गरजच नाही. नसेल तर किमान सहा गुण हवेत. नुकत्याच पदवी घेतलेल्या इंजिनिअरचा हिशेब करून दाखवतो: ३५ पेक्षा कमी वयाचे २, तुटवड्याच्या यादीतल्या व्यवसायाचा १, इंग्रजी सी१ (वरची पातळी) असेल तर १. झाले चार. उरलेले दोन जर्मन बी१ (मधली पातळी) चे. म्हणजे भाषा शिकल्याशिवाय दार उघडत नाही.

आता तापीकाठच्या भाऊंना न आवडणारी गोष्ट. २०२५ च्या हिशेबाने महिन्याला १,०९१ युरो दाखवावे लागतात. वर्षाचे १३,०९२, म्हणजे तेरा-साडेतेरा लाख रुपये एका बंद खात्यात, आणि त्यातून दरमहा ठरलेलीच रक्कम निघते. पैसे तुमचेच, पण आणायचे कुठून? वर्षात नोकरी नाही लागली तर तेवढे खर्चून परत. हाही सोन्याचा रस्ता नाही. इथे भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची मर्यादा २०,००० वरून ९०,००० केल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं, त्यावर गावाकडे पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. व्हिसा वाढले म्हणून जर्मन न येणाऱ्याला ऑफिसात कोणी बसवून घेत नाही. बेकरीत सुद्धा नाही.

चोपड्याचे आबा

तुम्ही सगळे शिकलेले. माझा प्रश्न साधा आहे. आमच्या तालुक्यात एक जण फिरतो, दुबईत सुपरवायझरची नोकरी म्हणतो, चार लाख मागतो. आधी व्हिजिट व्हिसावर नेणार, काम तिथे गेल्यावर. पोरगा बीकॉम आहे. द्यावे का?

तापीकाठचा

आबा, एक रुपयाही देऊ नका. व्हिजिट व्हिसावर तिथे काम करणं बेकायदा आहे. पकडला गेला तर दंड पोराच्याही माथी. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी साइटवर परवानाधारकांची यादी आहे. त्याला परवाना क्रमांक विचारा, बाकी काही विचारू नका.

भुसावळ जंक्शन

यावर मी तापीकाठच्या बाजूने. पण विद्यार्थी व्हिसा करून देणारे कन्सल्टंट या कायद्यात येत नाहीत, तेही लिही. खरा पैसा तिथेच खाल्ला जातो.

नंदुरबारची नर्स

जपानचं कोणी नाव घेईना. जानेवारी २०२१ मध्ये भारत-जपान करार झाला, त्यातून ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ व्हिसा मिळतो. वृद्धांची देखभाल, शेती, बांधकाम अशी क्षेत्रं आहेत. जपानी एन४ पातळीची आणि कामाची परीक्षा द्यायची. पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पगार तिथल्या माणसाइतकाच द्यावा लागतो. कुटुंब मात्र नेता येत नाही. आमच्या वॉर्डातल्या दोघी भाषेच्या क्लासला जातात. ड्युटी करून, रात्री.

भुसावळ जंक्शन

ताई, तो मार्ग नर्सिंगवाल्यांना चांगला. इंजिनिअर पोरगा पाच वर्षं देखभालीच्या कामाला जाईल का?

नंदुरबारची नर्स

इथे बारा हजारांवर बसून राहण्यापेक्षा जाईल की. लाज वाटत असेल तर तो प्रश्न त्याचा, व्हिसाचा नाही.

तापीकाठचा

तर मग भुसावळवाले, तुझ्या मास्टर्सला निघालेल्या भाच्याला ब्रिटनच्या सोडतीत नाव टाकायला सांगणार की नाही?

भुसावळ जंक्शन

सोडत साधारण फेब्रुवारी आणि जुलैला निघते. जुलैचा निकाल येईपर्यंत सप्टेंबरच्या प्रवेशाची डिपॉझिटची तारीख उलटलेली असते. थांबला तर वर्ष गेलं.

तापीकाठचा

फेब्रुवारीची भर की मग.

भुसावळ जंक्शन

नाव निघालं की ९० दिवसांत व्हिसाचा अर्ज करायचा, आणि तेव्हा पदवी झालेली पाहिजे. आपल्या विद्यापीठाचा शेवटच्या सेमिस्टरचा निकाल मे महिन्यात हातात आलेला पाहिलास का कधी?