मदत हवी आहे: डिस्नेच्या ‘कॅरेक्टर’ न्याहारीसाठी लेकरांचे पोशाख गावातच शिवून न्यायचे आहेत

वऱ्हाडची सून

नमस्कार मंडळी,

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. नणंदबाई अटलांटाला असतात. त्यांनी यंदा आम्हाला सगळ्यांना तिकडे बोलावलं आहे आणि तिथून ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड बघायला जायचं ठरलं आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जूनचे पहिले आठवडे धरले आहेत. मुलगी पाच वर्षांची आहे. मुलगा अडीचचा, पावसाळा संपता संपता तीन पूर्ण होतील.

नणंदबाईंनी दोन ठिकाणी ‘कॅरेक्टर मील’ घ्यायचं योजलं आहे. एक सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं आणि एक ‘शेफ मिकीज’ या उपाहारगृहातली न्याहारी. म्हणजे आपण जेवत असताना मिकी, मिनी किंवा राजकन्या एकेका टेबलापाशी येतात, लेकरांशी दोन मिनिटं खेळतात, फोटो काढू देतात. बहुतेक पोरं त्या वेळी पोशाख घालून आलेली असतात, असं त्या सांगतात. तिथल्या दुकानातला राजकन्येचा एकेक पोशाख ५० डॉलरच्या वर जातो, हेही त्यांनीच सांगितलं. तरी त्या आनंदाने घेऊन देतो म्हणतात. मला मात्र ते पटत नाही, आणि कारण फक्त पैशाचं नाही.

मागच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या पोळ्याला, आम्ही मुलीसाठी शहरातून परीचा पोशाख भाड्याने आणला होता. दिसायला झकास. पण कमरेला आतून ती कडक जाळी उघडीच होती. मारुतीच्या पारावर सगळी पोरं आपापले नंदी घेऊन रांगेत उभी, आणि ही दोन्ही हातांनी कंबर खाजवते आहे. घरी येऊन फ्रॉक काढला तर पोटावर शिवणीच्या रेषेत लाल पुरळ उठलेलं. बोजारा, म्हणजे नंदी दाखवून मिळणारा खाऊ-पैसे, मागायला चार घरंसुद्धा गेली नाही. जे लेकरू वर्षभर त्या दिवसाची वाट पाहतं, त्याचा दिवस एका जाळीपायी जावा, याचं मला अजून वाईट वाटतं. इतक्या दूर, इतका खर्च करून गेल्यावर हे पुन्हा व्हायला नको.

म्हणून आमच्या गावातल्या शिंपीकाकांकडूनच दोन्ही पोशाख शिवून घ्यायचे मनात आहे. त्यांचा हात फार चांगला आहे. घरातल्या सगळ्यांचे कपडे त्यांचेच. कापड अमरावतीला बिझीलँडला जाऊन आणीन. मुलीचं ठरलेलं आहे, “मले निळाच पायजे, सिंड्रेलाचा.” मुलासाठी सासूबाईंचा वेगळा विचार आहे. त्या म्हणतात, “त्याले आपलं धोतर-बंडी घाल, फेटा बांध, हातात नंदी दे. पाहतच राह्यतीन सारे.” मला हे मनापासून आवडलं आहे. नणंदबाईंना मात्र वाटतं, की सगळी मुलं डिस्नेच्या पात्रांच्या वेशात असताना आपलाच एकटा शेतकरी कसा दिसेल.

तर ज्यांनी लेकरांना तिथे नेलं आहे त्यांनी कृपया सांगा. पोशाखाबद्दल तिथे नियम काय आहेत? घरी शिवलेला चालतो ना, की त्यांच्याच दुकानातला लागतो? तिथल्या हवेत कोणतं कापड बरं? आमचा उन्हाळा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे उन्हाची भीती नाही, पण तिथली हवा दमट आहे म्हणतात. मुलाचा लाकडी नंदी, चाकांचा, दोरीने ओढायचा, आत नेऊ देतील का? आणि आम्ही मोठ्या बायकांनी काय घालावं? नणंदबाई स्वतःलाही तसाच झगा घेऊ का म्हणत होत्या.

सगळ्यात मोठी काळजी वेगळी आहे. मुलगी मराठी शाळेच्या बालवाडीत जाते, तिला इंग्रजी बोलता येत नाही. ती राजकन्या येऊन इंग्रजीत बोलली तर ही बावरून जाईल का? आणि मुलगा मुळात अनोळखी माणसाकडे जात नाही.

आम्ही शाकाहारी आहोत, घरात अंडंही नाही. त्याबद्दलही सांगा.

---

पऱ्हाटी

ताई, मी मूळ पुसदचा, आता फ्लोरिडात. दोन्ही मुलींना घेऊन या जेवणांना बरेचदा गेलो आहे.

आधी नणंदबाईंना थांबवा. १४ वर्षं आणि त्यावरच्या माणसांना पार्कात पात्राचा वेश घालता येत नाही. हॅलोविनच्या खास तिकिटाच्या कार्यक्रमांना सूट असते, पण ते तुमच्या वेळेत नाहीत. लहानांना पोशाख चालतो. मुखवटा पूर्ण चेहरा झाकणारा नको, डोळे दिसले पाहिजेत. जमिनीवर लोळणारा पायघोळ झगा नको. खेळण्यातली बंदूक आत नेऊ देत नाहीत. एवढं सांभाळलं की पोशाख कुठे शिवला हे कोणी विचारत नाही. कित्येक आया घरीच शिवून आणतात.

साडी अगदी बिनधास्त नेसा. साडी म्हणजे वेश नाही, ते आपले कपडे आहेत. आजींचं लुगडंही चालेल. नणंदबाईंना हौस असेल तर भाचीच्या फ्रॉकला जुळणारी निळी साडी किंवा कुर्ता घालावा, फोटो छान येतात. झुल्यांवर बसताना पदर तेवढा खोचून घ्या.

चाकाचा नंदी नेऊ नका. ओढायच्या गाड्यांना, म्हणजे ज्याला तिथे वॅगन म्हणतात त्यांना, बंदी आहे. खेळण्यातल्या नंदीला ते वॅगन म्हणतील असं नाही, पण दारावर झडती असते आणि आत गर्दी इतकी की कुणाच्या तरी पायात येईल. तळहाताएवढा, बिनचाकाचा नंदी घ्या. चाबूक, काठी घरीच राहू द्या.

हवेचं बरोबर ऐकलंत. जूनमध्ये तिथे पारा ३२-३३ च्या आसपास, आकडा ऐकून आपल्याला काहीच वाटत नाही. पण घाम वाळत नाही, कपडा अंगाला चिकटतो. दुपारी गडगडाट होऊन पाऊस येतो, तोही जवळजवळ रोज. आणि जेवणाच्या हॉलमध्ये एसी असा की लेकरं कुडकुडतात. म्हणून पोशाख सुती, आणि सोबत एक पातळ स्वेटर.

जागा ६० दिवस आधी आरक्षित करता येते. सिंड्रेलाच्या किल्ल्यातली लवकर भरते, तेव्हा नणंदबाईंना तारीख डोक्यात ठेवायला सांगा. आरक्षण करून गेलं नाही तर माणशी दंड बसतो. तीन वर्षांखालच्या लेकराला पार्काचं तिकीट लागत नाही आणि बुफेचे पैसेही लागत नाहीत, म्हणजे तुमच्या मुलाचं दोन्ही वाचेल. ३ ते ९ ला मुलांचा दर, १० पासून मोठ्यांचा. किल्ला मॅजिक किंगडम या पार्काच्या आत आहे, तिथे जेवायला पार्काचं तिकीट हवंच. शेफ मिकीज मात्र कंटेम्पररी या हॉटेलात आहे, त्याला पार्काचं तिकीट लागत नाही. तेव्हा ती न्याहारी ज्या दिवशी पार्कात जायचं नाही त्या दिवशी ठेवा. पोरं दमलेली नसतात, पोशाखही एकाच कामापुरता राहतो.

आणखी एक. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. अटलांटाची आणि ऑर्लँडोची वेळ एकच. पोहोचल्यावर सुरुवातीचे काही दिवस तुमची पोरं पहाटे तीन-चारलाच टक्क जागी होतील आणि संध्याकाळी ताटावर झोपतील. रात्रीचं जेवण अजिबात घेऊ नका, न्याहारीच घ्या.

शाकाहाराचं आरक्षण करतानाच लिहून ठेवा आणि वाढणाऱ्याला परत सांगा. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की अंडं चालतं असं धरतात, म्हणून अंडं नको हे वेगळं सांगायचं. न्याहारीच्या वॅफल-पॅनकेकमध्ये बहुतेक अंडं असतं. बटाटा, फळं, ओट्स मिळतात, पोट भरतं.

---

सुईदोरा

मोर्शीला शिवणकाम करते. नियमांचं वर आलंच आहे, मी फक्त कापडाचं बोलते.

सिंड्रेलाच्या फ्रॉकसाठी चकचकीत सॅटिन घेऊ नका, घाम धरतं. कॉटन सॅटिन म्हणून मिळतं, थोडी चमक असते आणि अंगाला गार लागतं. कापड आणल्या आणल्या रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, मगच मापाला घ्या. सुती आटतं. निळा रंग जातो का तेही त्यातच कळेल. जात असेल तर आतलं अस्तर पांढरं घेऊ नका.

शिंपीकाकांना सांगा, एका अंगी फ्रॉक नको. परकर-पोलक्यासारखे दोन भाग करा आणि वरून कमरेला एकच रुंद पट्टा द्या, म्हणजे दिसायला अखंड दिसेल. कारण सांगते. पाच वर्षांच्या पोरीला अनोळखी ठिकाणच्या बाथरूममध्ये घेर सांभाळत बसवणं ही आईची परीक्षा असते. नुसता परकर वर उचलला की झालं.

जाळी हवीच असेल, फुगण्यासाठी ती लागतेच, तर बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्या मधे घाला आणि शिवणीची दुमड अस्तराच्या वरच्या अंगाला ठेवा. कातडीला लागेल ते फक्त मलमल. कमरेला पुढून सपाट, मागून इलास्टिक. पाठीला चेन नको, टिचबटणं लावा. चेन मानेजवळ टोचते आणि घाईत केस अडकतात. उंची घोट्याच्या चार बोटं वर. टिकल्या, आरसे, झरझर गळणारी चमकी काही नको, त्यापेक्षा चंदेरी काठ लावा. शिवणीत दीड इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायला विसरू नका. उसवून तान्ह्या पोळ्यालाही घालता येईल, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

मुलाला शिवलेलं धोतर घ्या, कमरेला इलास्टिकचं, डायपर सहज बदलता येईल असं. बंडी बिनकॉलरची. गळ्यात उपरणं गाठ मारून अडकवू नका, खांद्यावर टाचून घ्या. पायात मोजडी फक्त फोटोपुरती, एरवी बूट. तिथे चालणं फार आहे असं गेलेले सगळे सांगतात.

जेवताना दोघांच्याही अंगावर जुनी सुती ओढणी मागून गाठ मारून बांधा. पात्र टेबलाजवळ आलं की सोडायची. पाकाचे डाग निघतात हो, पण फोटोत राहतात.

---

वर्धेचे आजोबा

मी नातवंडांसोबत गेलो होतो. ज्या काळजीला तुम्ही सगळ्यात मोठी म्हटलंत, तिच्याबद्दल सांगतो.

मिकी, मिनी, डोनाल्ड, गुफी, प्लुटो टेबलापाशी येतात तेव्हा बोलतच नाहीत. कुणाशीच नाही. सगळं हातवाऱ्यांनी. त्यामुळे इंग्रजी येणारं लेकरू आणि मराठीच येणारं लेकरू तिथे सारखंच. माझ्या नातीने मिनीला “तुझा फ्रॉक मस्त आहे” असं चक्क मराठीत सांगितलं आणि मिनीने घेर धरून एक गिरकी घेतली. राजकन्या मात्र बोलतात. मुलीला आपलं नाव सांगायचं एक इंग्रजी वाक्य पाठ करून ठेवा, तेवढं पुरतं. फ्रॉककडे बोट दाखवलं तरी ती राजकन्या समजून घेते, तिचं कामच ते आहे. क्रम लावता येत असेल तर शेफ मिकीज आधी आणि किल्ला नंतर ठेवा.

मुलाचं म्हणाल तर अडीच वर्षांचं पोर त्या मोठ्या डोक्याच्या मिकीला घाबरतं, हे धरूनच चला. चित्रातला मिकी बोटाएवढा असतो, समोरचा बापाएवढा निघतो. त्याला खुर्चीत कडेला बसवू नका, तुमच्या मांडीवर घ्या. मिकीला लांबूनच हात करायला सांगा, तो तिथेच थांबतो, जबरदस्ती करत नाही. फोटोसाठी पोराला पुढे ढकलू नका. रडलं तर फोटो राहू द्या.

आणि शेतकऱ्याचा वेश नक्की घाला. डिस्नेचंच पात्र व्हायला पाहिजे असा तिथे काही नियम नाही.

---

वऱ्हाडची सून

पऱ्हाटीदादा, सुईदोराताई, आजोबा, खूप खूप आभार. नणंदबाईंना सगळं वाचून दाखवलं. झगा रद्द झाला, निळी साडी ठरली, आणि धोतर-बंडीलाही त्या आता हो म्हणाल्या. मिकी बोलत नाही हे ऐकून माझ्या जिवावरचं मोठं ओझं उतरलं. शेफ मिकीज आधी, किल्ला नंतर, असंच आरक्षण करायला सांगितलं आहे.

शिंपीकाकांना परकर-पोलक्याची युक्ती एकदम पसंत पडली. ते म्हणाले, दोन भाग असतील तर वरचा भाग पुढच्या वर्षी नवा शिवता येईल, खालचा तोच राहील. धोतरासाठी घरातलंच एक जुनं मऊ धोतर कापायचं सासूबाईंनी ठरवलं आहे. आजेसासऱ्यांचं आहे. आटण्याचा प्रश्नच नाही.

एकच राहिलं. फेटा बांधलेला न्यावा की तिथे बांधावा? पोराचं डोकं दमट हवेत तापेल का? आणि विमानात बांधलेला फेटा दबणार नाही असा कसा ठेवावा?

---

सुईदोरा

बांधलेला न्या, पण जड जरीचा नको. मलमलीच्या साध्या टोपीवर मलमलीचाच पातळ फेटा बांधा आणि चार ठिकाणी टाके घाला. वरचा भाग मोकळा ठेवा, हवा लागते. पेटीत ठेवताना आतल्या पोकळीत त्याचेच मोजे-बनियन कोंबा, आकार मोडत नाही. टाचण्या एकही नको, सगळं शिवूनच. बाहेर उन्हात काढून ठेवायचा, एसीच्या हॉलमध्ये शिरताना घालायचा. आणि आत्तापासून घरी रोज थोडा वेळ घालून बसवा. सवय नसेल तर मिकीच्या आधी फेट्यालाच रडेल.