मदत हवी आहे: वाळूची टेकडी सपाट केलीय, ग्रामसभेत काय मांडावं?

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या मांद्र्याचा. आमच्या किनाऱ्यालगत एका जागेत जेसीबी लावून वाळूची टेकडी सपाट केली आहे. मर्यादवेल (वाळूवर पसरणारी वेल) मुळासकट उपटून कुंपणाशी ढीग घातलाय. हरकत घेतली तर गावातलेच म्हणतात, "खाजगी जमीन आहे, सरकारचा संबंध काय?"

जमीन एकाची असली तरी टेकडी सगळ्यांच्या कामाची, असं माझं ठाम मत आहे. पावसाळी उधाणाचा मारा तीच झेलते, आणि वाऱ्याने उडणारी वाळू ही वेलच धरून ठेवते. एकाने टेकडी काढली की शेजाऱ्याच्या माडांची मुळं उघडी पडणार, त्याची भरपाई कोण देणार? म्हणून तर १९९१ साली सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर नियंत्रण ठेवणारे केंद्र सरकारचे नियम, आलं. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतुदी आहेत: वाळूच्या टेकड्या, खाजन शेती (बांध घालून खारं पाणी अडवलेली सखल जमीन), शिवाय मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथल्या कासवांच्या विणीच्या जागा. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी आपल्याला पटते, कारण मासळी वाढली तर सगळ्यांचीच जाळी भरतात. मग टेकडीचं का पटत नाही?

गोवा किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे कुणी तक्रार केली आहे का? सर्व्हे नंबर, फोटो आणि एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) एवढं पुरतं का? भरतीरेषेचा मंजूर नकाशा कुठे बघायला मिळेल? आणि "सरकारचा संबंध काय" याला कोकणीत, चार वाक्यांत, रापणकारालाही (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्यालाही) पटेल असं उत्तर कसं द्याल? ग्रामसभा येत्या रविवारी आहे, त्याआधी कळवाल तर फार उपकार होतील.