मदत हवी आहे: सडा (कातळाचं पठार) आणि खाजणातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) कामाचं प्रशिक्षण कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. राजापूर भागात आम्ही काही जण निसर्ग-संवर्धनाचं काम करतो. पोरं हुशार, पक्षी आवाजावरून ओळखतात, पण बागायतदार विचारतो, "काजूखालचं रान तणनाशकाशिवाय काढायचं, तर मजुरी कोण देणार?" तेव्हा सगळे गप्प. सड्याचं आणखी अवघड. पावसाळ्यात कातळावर सीतेची आसवं फुलतात, पण सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नसलेली. मालकाला ती जेसीबी घालून कलमं लावायची जागा वाटते. नुसतं 'नको' म्हटलं तर कोण ऐकणार? (मीही ऐकलं नसतं.) खाली खाडीकडे उघाडी (बांधातली पाणी अडवायची झडप) मोडली की खारं पाणी शेतात, मागोमाग कांदळवन, आणि ते कायद्याने तोडताही येत नाही. 'पनवेल ३' सारखी खारं पाणी सोसणारी भातं ऐकून माहीत, लावून पाहिलेली नाहीत.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रात आमच्यासारख्या कार्यकर्त्यांसाठी थोड्या दिवसांचं प्रशिक्षण होतं का? कुणी केलंय का? स्लाइड दाखवणाऱ्यापेक्षा बांधावर उभं करून शिकवणारं कुणी असेल तर आधी ते सांगा. लावणी आटपल्यापासून गणपतीपर्यंत आम्ही मोकळे आहोत.